खानदेशी भरीत : अख्खें वांगें व उघडा विस्तव

पाककलेवरील कोणतेंहि पुस्तक चाळलें, तर कोणत्या पदार्थांत किती हिंग व किती मोहरी हें त्यांत तपशीलवार दिलेलें आढळतें. पण विस्तव कसला, किती व किती वेळ, या प्रश्नाची मात्र 'मंद आंचेवर' किंवा 'चांगलें भाजून' एवढ्या दोन शब्दांवर बोळवण केलेली असते. वास्तविक कांहीं पदार्थ असे आहेत कीं, त्यांचें सारें यश विस्तवावरच अवलंबून असतें. खानदेशांतील वांग्याचें भरीत हा त्यांपैकीं मुकुटमणि होय. जळगांव-धुळ्याकडे हिंवाळ्यांत एकदां हें भरीत चाखलेला मनुष्य पुण्या-मुंबईस परतल्यावर तेच जिन्नस त्याच प्रमाणांत घालून पाहतो, आणि तरीहि 'तें कांहीं हें नव्हे' असें म्हणून पान बाजूस सारतो. असें कां व्हावें, आणि शहरांतील घरांत त्यावर कांहीं उपाय आहे कीं काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

खानदेश म्हणजे तापी नदीचें खोरें. १९०६ सालीं या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. काळी कसदार जमीन, तींत कपाशी, ज्वारी, केळी व भुईमूग हीं पिकें, आणि दिवाळीनंतर पडणारी कोरडी थंडी, हें या प्रांताचें वैशिष्ट्य. भरिताचा एकेक जिन्नस मोजून पाहिला, तर तो या शेतांतूनच आलेला दिसतो. वांगें मळ्यांतलें, शेंगदाणा व त्याचें तेल भुईमुगाचें, सोबतची भाकरी ज्वारीची, आणि भाजावयाचें सरपण कपाशीचें. पदार्थ व प्रांत यांची इतकी घट्ट सांगड क्वचितच पाहावयास मिळते.

प्रथम वांग्याविषयीं. भरिताचें खानदेशी वांगें जांभळें नसून फिक्कट हिरवें, अंगावर पांढुरक्या रेघा असलेलें, मोठें, पातळ सालीचें व थोड्या बियांचें असतें. जळगांवाजवळील आसोदें व यावल तालुक्यांतील बामणोद हीं गांवें या वांग्यांसाठीं प्रसिद्ध आहेत. आसोदें म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचें माहेर, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. २०१६ सालीं 'जळगांवच्या भरीत वांग्या'स भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे या नांवाला कायद्याचें संरक्षण लाभलें. वांगें निवडतांना तें आकाराच्या मानानें हलकें, तुकतुकीत व हिरव्या देंठाचें असावें. हातांस जड लागणारें वांगें बहुधा जून व बियाळ निघतें. फळ पोखरणाऱ्या अळीचें छिद्र आहे कीं काय, हेंहि पाहावें. कारण त्या छिद्राचा संबंध केवळ अळीशीं नसून वाफेशींहि आहे, हें पुढें दिसून येईल.

आतां मुख्य मुद्दा. वांग्याच्या शंभर भागांत सुमारें ९२ भाग पाणी असतें, आणि त्याचा गर हवेनें भरलेल्या स्पंजासारखा असतो. त्याच्या फोडी करून तेलांत टाकल्या, तर हा स्पंज तेल पिऊन घेतो. परंतु वांगें अख्खेंच विस्तवावर ठेवलें, म्हणजे निराळाच प्रकार घडतो. बाहेरून साल करपत असते, आणि आंत त्या वांग्याच्याच पाण्याची वाफ होऊन गर त्या वाफेवर शिजत असतो. साल हेंच भांडें आणि सालच झांकण. बाहेरचा जाळ कितीहि प्रखर असला, तरी आंत पाणी आहे तोंवर गर पाण्याच्या उकळबिंदूपलीकडे फारसा तापत नाहीं. म्हणून तो जळत नाहीं, मऊ होतो. सालीला भोंक पडलें, सुरीनें चिरा दिल्या, किंवा विस्तव इतका मंद ठेवला कीं वांगें तासभर नुसतें सुकत राहिलें, तर हें पाणी निघून जातें. मग जें उरतें तें चिवट, कोरडें व तपकिरी असतें. तेलाची धार कितीहि सोडली तरी गेलेला रस परत येत नाहीं.

हा नियम केवळ वांग्याचा नव्हे. पाश्चात्य देशांत अख्खें कोंबडें निखाऱ्यावर भाजण्याची चाल आहे. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं तें शिजत नसलें, तरी तेथील गृहिणींपुढील कोडें आपल्यासारखेंच आहे : आंतपर्यंत शिजलें तर पाहिजे, पण कोरडें पडतां कामा नये. त्या निखारे एका बाजूस सारून कोंबडें दुसऱ्या बाजूस ठेवतात, वर झांकण घालतात, त्याची त्वचा अखंड राखतात, आंतील उष्णता ७४ अंश सेंटिग्रेडवर पोंचतांच तें उतरवितात, आणि कापण्यापूर्वीं कांहीं वेळ तसेंच राहूं देतात. मांस जास्त तापलें कीं आकसून रस पिळून टाकतें. म्हणून तेथें आंच आडून द्यावयाची. वांग्याचा गर असा आकसत नाहीं, म्हणून येथें जाळ सरळ लावतां येतो. विस्तवाची तऱ्हा निराळी. परंतु अखंड आवरण, वेळेवर उतरविणें व नंतरची विश्रांति या तीन गोष्टी दोहींकडे सारख्याच.

खानदेशांतील शेतकऱ्यानें या कामासाठीं जें सरपण निवडलें, त्यांत त्याचें शहाणपण दिसून येतें. कपाशीच्या वाळलेल्या काड्या बारीक व कोरड्या असल्यामुळें भडकन् पेटतात, मोठा जाळ देतात व थोडक्याच वेळांत निखारा होऊन बसतात. हा जाळ दणदणीत, पण अल्पायुषी. मोकळ्या जागेंत काड्यांचा थर द्यावा, त्यावर वांगीं एकेरी मांडावीं, वरून आणखी काड्या घालून पेटवावें. पहिला भडका ओसरूं लागला कीं लांब काठीनें वांगीं फिरवावीं, म्हणजे निखाऱ्यावर दुसरी बाजू भाजून निघते. पंधरा ते वीस मिनिटांत मध्यम वांगें तयार होतें. साल काळी पडली एवढ्यावर समाधान मानूं नये. देंठाजवळचा भाग सर्वांत शेवटीं शिजतो. तेथें काठीनें दाबून पाहावें; तो खचला कीं वांगें झालें. फुटण्याची भीति वाटल्यास देंठाजवळ सुईएवढीं एकदोन टोंचे पुरेत. चिरा मुळींच देऊं नयेत.

विस्तवावरून काढलेलें वांगें लागलीच सोलण्याची घाई अनेकजण करतात. तसें न करितां तीं सारीं एका पातेल्यांत घालून दहा मिनिटें झांकून ठेवावीं. आंतल्या वाफेनें साल सुटी होते आणि रस गरांत परत मुरतो. सोलतांना हात पाण्यांत बुडवून घ्यावे. वांगीं मात्र पाण्यांत बुडवूं नयेत, नळाखालीं तर नाहींच नाहीं, कारण त्याबरोबर धुराचा सुवासहि धुवून जातो. पातेल्याच्या तळाशीं जमलेला रस चाखून पाहावा : गोडसर असल्यास भरितांत घालावा, कडवट असल्यास टाकून द्यावा. सोललेला गर खानदेशांत 'बडगी' नांवाच्या लांकडी भांड्यांत घालून लांकडी मुसळानें ठेंचतात. लोखंडी यंत्रांत फिरविल्यास त्याचा लगदा होतो. ठेंचलेल्या गरांत धागा राहतो, आणि भरिताला धागा हवाच.

आठ माणसांस पुरेल असें प्रमाण येणेंप्रमाणें : वांगीं २ किलो, लसूण ५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, पातीचा कांदा २ जुड्या, कोथिंबीर १ जुडी, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मूठभर, शेंगदाण्याचें तेल पाऊण वाटी व चवीपुरतें मीठ. हिरव्या मिरच्या खानदेशी रसनेस १०० ग्रॅमहि कमीच वाटतात. इतरांनीं ५० ग्रॅमपासून आरंभ करावा. मिरच्या व लसूण भाजून मिठाबरोबर जाडसर ठेंचावीं व गरांत मिसळावीं. तेल तापवून त्यांत शेंगदाणे व खोबऱ्याचे काप तांबूस होईपर्यंत तळावे, चिरलेली पात घालून एक परतणी द्यावी, मग गर घालावा. वाफ येतांच उतरवून कोथिंबीर घालावी. टोमॅटो, गरम मसाला वा हळद यांचें येथें कांहींच काम नाहीं. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारींत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची, अथवा गरम पुऱ्या. आणि कच्चा कांदा व मुळा.

हा पदार्थ खानदेशांत घरोघर आवडता आहे, तसाच ज्यांचें कुलदैवत खंडोबा त्या महाराष्ट्रांतील घराण्यांत तो कुलधर्माचाहि भाग आहे. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांदा-वांग्याचे पदार्थ करून पुढें चातुर्मासांत वांगें वर्ज्य करावयाचें, आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीच्या दिवशीं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तें पुन्हां सुरू करावयाचें, ही चाल अनेक ब्राह्मण घरांत आजहि पाळली जाते. हिंवाळ्यांतलें कोंवळें वांगें बाजारांत येण्याचा काळ आणि धर्मानें नेमलेला दिवस यांचा येथें सुरेख मेळ बसला आहे.

परंतु ज्या विस्तवाची आम्ही एवढी थोरवी गाइली, त्याविषयीं दोन कडू गोष्टी सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. पहिली धुराची. चुलीच्या धुरानें बायकांच्या डोळ्यांची व फुप्फुसांची जी हानि होते, ती कोणत्याहि चवीपेक्षां मोठी आहे. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू होऊन गरीब घरांतूनहि गॅस पोंचूं लागला, ही आनंदाचीच गोष्ट होय. ज्या वर्षीं वांग्याच्या नांवाला संरक्षण मिळालें, त्याच वर्षीं खेड्यांतील चूल विझूं लागली, हा योगायोग ध्यानांत घेण्यासारखा आहे. मानांकनानें वांगें राखलें जाईल, विस्तव राखला जाणार नाहीं. तो आपला आपणच राखावयाचा आहे. तो राखावा, पण स्वयंपाकघरांत नव्हे, अंगणांत व मळ्यांत. खानदेशांत शेतांवर भरताचा बेत होतो, तेव्हां भाजण्या-ठेंचण्याचें काम बहुधा पुरुषच उत्साहानें करतात. ही रीत आमच्या शहरी गृहस्थांनींहि अवश्य उचलावी.

दुसरी गोष्ट काड्यांचीच. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी पीक निघाल्यावर झाडावर राहिलेल्या बोंडांत दडून बसते. २०१७ सालीं या अळीनें महाराष्ट्रांतील कपाशीचें अतोनात नुकसान केलें. म्हणून पीक वेळेवर संपवावें, काड्यांचे ढीग बांधावर अथवा घराशेजारीं पुढल्या पेरणीपर्यंत ठेवूं नयेत, असें कृषितज्ज्ञ कळकळीनें सांगतात. भरितासाठीं चार मोळ्या जाळण्यांत हानि नाहीं. वर्षभर साठविण्यांत आहे. शिवाय कपाशीवर औषधांची फवारणी पुष्कळ होते. तेव्हां नुकत्याच फवारलेल्या शेतांतील काड्या अन्नाखालीं कधींहि जाळूं नयेत. शेतकऱ्यास विचारूनच घ्याव्या, आणि शंका असल्यास बाभळीच्या अथवा तुरीच्या वाळल्या काटक्या वापराव्या. सुवास किंचित् बदलेल, परंतु मन निःशंक राहील.

ज्यांस अंगण नाहीं, त्यांनीं गॅसवर लोखंडी जाळी ठेवून मोठ्या ज्योतीवर एका वेळीं एकदोनच वांगीं भाजावीं, तीं वरचेवर फिरवावीं, आणि देंठाकडची बाजू शेवटीं ज्योतीवर उभी धरावी. भाजण्यापूर्वीं तेलाचा नुसता हात फिरविला तर साल सोलण्यास सोपी जाते. नंतर पातेल्यांत झांकून ठेवतांना मध्यें लहान वाटींत एक पेटता कोळसा ठेवून त्यावर तेलाचे चार थेंब सोडावे व झांकण घट्ट लावावें. पांच मिनिटांत धुराचा वास गरांत उतरतो. हें मळ्यांतलें भरीत नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु साल अखंड राखली, जाळ मोठा ठेवला आणि सोलण्याची घाई केली नाहीं, तर तें कोरडें पडणार नाहीं एवढें निश्चित.

पंजाबांत भडथा, बिहारांत चोखा, आणि पश्चिम आशियांत तिळाचें वाटण घालून केलेलें 'बाबा गनूश', अशा नाना रूपांनीं भाजलेलें वांगें जगभर खाल्लें जातें. मसाला प्रत्येक ठिकाणचा वेगळा. परंतु सालीच्या आंत रस कोंडून तें अख्खें भाजावें, ही युक्ति सर्वत्र एकच. यंदाच्या चंपाषष्ठीस आमच्या भगिनींनीं मसाल्याच्या डब्याकडे वळण्यापूर्वीं विस्तवाकडे एकवार नीट पाहावें, आणि घरांतील पुरुषमंडळींच्या हातीं एक लांब काठी द्यावी, एवढीच आमची सूचना आहे.