पाटा की फुगा? छोट्या पिकअपसाठी हवेची स्प्रिंग निवडताना

रिकामा पिकअप खड्ड्यातून गेला की त्याचा हौदा दणादण उडतो. त्याच पिकअपमध्ये पोती भरली की तो संथपणे डुलत जातो. पण मागून खाली बसतो आणि पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात. गाडी तीच, रस्ता तोच. मग असे का व्हावे?

गाडीचे वजन चाकांवर झुलते ठेवणाऱ्या रचनेला सस्पेन्शन म्हणतात. ('निलंबन' हा मराठी प्रतिशब्द आहे; पण शिक्षकांना तो ऐकून भलतेच काही आठवेल, म्हणून इथे टाळला आहे.) बहुतेक छोट्या पिकअपना मागे पोलादी पाटे असतात. अमेरिकेत शेव्हरोले एस-१०, फोर्ड रेंजर यांसारख्या छोट्या पिकअपना पाट्यांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी हवेचे फुगे बसवण्याचा मोठाच छंद आणि व्यवसाय आहे. अपघातात फुगणारी एअरबॅग वेगळी. हे फुगे जाड, दोऱ्यांचे थर घातलेल्या रबराचे असतात आणि टनभर वजन पेलू शकतात. ते निवडायचे कसे, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या तासाला शोभेल असा आहे.

पट्टी सांगते ते सूत्र

३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट आवळा आणि बाहेरच्या टोकाला वजन टांगा. वजनामुळे टोक ४ सेंटिमीटर खाली आले, तर ते हलवून सोडल्यावर दहा सेकंदांत सुमारे २५ हेलकावे होतील. वजन वाढवून टोक ९ सेंटिमीटर खाली आणा. हेलकावे १७ च्या आसपास येतील. यामागचा नियम सोपा आहे. वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे दर सेकंदाचे हेलकावे.

आता एक कल्पित पिकअप घेऊ. मागच्या पाट्यांवर रिकामेपणी ४०० किलो आणि भरल्यावर १२०० किलो भार येतो. दोन्ही पाटे मिळून दर सेंटिमीटरला १२० किलो या हिशेबाने दबतात. रिकामेपणी ते ३.३ सेंटिमीटर दबतील. हेलकावे सेकंदाला २.७. भरल्यावर १० सेंटिमीटर दबतील; हेलकावे १.६. माणसाला सेकंदाला एक ते दीडच्या आसपासचे हेलकावे सुखाचे वाटतात. म्हणून भरलेली गाडी आरामशीर आणि रिकामी गाडी आदळणारी. शिवाय भरताना मागचा भाग जवळजवळ ७ सेंटिमीटर खाली जातो. पाट्याला वजन बदलले तरी स्वतःचा ताठपणा बदलता येत नाही, हे दुखण्याचे मूळ.

हवा काय वेगळे करते?

सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. सुरुवातीला तो सहज आत जातो, पुढे अधिकाधिक जोर लागतो. हवेचा ताठपणा तिच्या दाबाबरोबर वाढतो. फुग्याची खुबी इथेच आहे. गाडी भरल्यावर त्यात आणखी हवा भरली की उंची पूर्वीइतकी राहते आणि स्प्रिंग आपोआप जास्त ताठ होते. वजन वाढले, ताठपणाही वाढला. मग हेलकाव्यांची गती फारशी बदलत नाही.

आकडे घालून पाहू. मागच्या प्रत्येक चाकाजवळ १५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा, आत १५ सेंटिमीटर उंच हवेचा स्तंभ असलेला फुगा आहे. रिकामेपणी प्रत्येकावर २०० किलो, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला १.३ किलो. भरल्यावर प्रत्येकावर ६०० किलो, म्हणजे दाब ४ किलो. हेलकावे निघतात रिकामेपणी सेकंदाला सुमारे २ आणि भरल्यावर १.६५. पाट्यांच्या बाबतीत हेच आकडे २.७ आणि १.६ होते.

भार तिप्पट झाला, तर ताठपणाही बरोबर तिप्पट का झाला नाही? कारण वजन पेलतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, जो मीटरवर दिसतो. ताठपणा मात्र एकूण दाबावर ठरतो आणि त्यात वातावरणाचा एक किलो कायम मिळवावा लागतो. १.३ चे ४ होताना एकूण दाब २.३ वरून ५ होतो, म्हणजे दुपटीपेक्षा थोडा जास्त. यातून निवडीचे पहिले सूत्र मिळते. रिकामी गाडीही मऊ चालायला हवी असेल, तर हवेचा स्तंभ उंच हवा. त्याच क्षेत्रफळाच्या बुटक्या फुग्यात हवा थोडी असते, म्हणून तो ताठ.

मदतनीस की मालक?

फुगे दोन प्रकारे वापरतात. पहिल्या प्रकारात पाटे तसेच ठेवून चॅसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये लहान मदतनीस फुगे बसवतात. सायकलच्या ट्यूबसारख्या व्हॉल्व्हमधून पंपावर हवा भरता येते. भरलेली गाडी सरळ उभी राहते. पण रिकामी गाडी मऊ होईल ही अपेक्षा चुकीची आहे. पाटा आणि फुगा शेजारी शेजारी काम करतात, त्यामुळे त्यांचे ताठपणे एकमेकांत मिळवले जातात. पाट्याचा वजा होत नाही. मदतनीस फुगा पूर्ण रिकामा ठेवूनही चालत नाही, कारण त्याचे रबर घडीत चिमटून फाटते.

दुसऱ्या प्रकारात पाटे काढून सगळा भार फुग्यांवर देतात. इथे एक गोष्ट विसरली तर जिवावर बेतेल. पाटा केवळ वजन पेलत नाही. ॲक्सलला पुढे, मागे, आडवे सरकू न देण्याचे कामही तोच करतो. फुगा यातले काहीच करत नाही. म्हणून ॲक्सलला धरणारे लांबीच्या दिशेचे दांडे आणि बाजूला सरकणे रोखणारी योजना करावीच लागते. खरा खर्च आणि खरे कसब या दांड्यांत आहे, फुग्यांत नव्हे. शॉक ॲब्सॉर्बरही हवेतच, कारण फुगा हेलकावे घेतो, ते जिरवत नाही.

फुगा ॲक्सलवर न बसवता दांड्याच्या मध्यावर बसवला, तर तरफेचा नियम लागू होतो. फुग्याची हालचाल निम्मी, पण त्यावरचा भार दुप्पट. आपल्या उदाहरणात ६०० चे १२०० किलो होतील आणि दाब ४ वरून ८ वर जाईल. अशा फुग्यांच्या बऱ्याच नमुन्यांची मर्यादा ७ च्या आसपास असते. म्हणजे इथे जास्त क्षेत्रफळाचा फुगा घ्यावा लागेल.

टाकी आणि नळ्या

दोन्ही फुग्यांत मिळून साडेचार लिटर जागा आहे. दाब १.३ वरून ४ वर न्यायला साधारण १२ लिटर मोकळी हवा लागते. १९ लिटरची टाकी ७ किलो दाबाने भरलेली असेल, तर बॉइलच्या नियमाने तिचा दाब जेमतेम ०.६ किलोने उतरेल. म्हणजे टाकी असेल तर छोटा कॉम्प्रेसरही पुरतो. मात्र हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ते वेळोवेळी काढले नाही, तर टाकी गंजते आणि व्हॉल्व्ह अडतात.

डावा आणि उजवा फुगा एकाच नळीने मोकळेपणी जोडणे हा पैसे वाचवण्याचा महाग मार्ग आहे. वळणावर बाहेरच्या फुग्यावर भार वाढतो, त्यातली हवा आतल्या बाजूच्या फुग्यात जाते आणि गाडी आणखीच कलते. म्हणून दोन्ही फुग्यांना वेगळ्या नळ्या हव्यात.

जे फुगा वाढवत नाही

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा शेवटी. फुग्यांनी गाडी सरळ उभी राहते म्हणून ती जास्त माल वाहू शकते, असे नाही. टायर, ब्रेक, ॲक्सल आणि चॅसिस तेच राहतात. उलट पाटा आपला भार चॅसिसवर दोन टोकांना वाटून देतो, तर फुगा तो एकाच जागी देतो. अतिभारात तिथेच चॅसिस वाकण्याची भीती असते.

आणखी एक छुपा धोका आहे. कित्येक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकना किती दाब द्यायचा हे ठरवणारा व्हॉल्व्ह ॲक्सल आणि चॅसिस यांच्यातले अंतर 'वाचतो'. गाडी बसली की तो समजतो, माल भरला आहे, मागचे ब्रेक जोरात लागू द्यावेत. फुग्यांनी भरलेली गाडी उचलून धरली, तर हा व्हॉल्व्ह फसतो. गाडी रिकामी समजून तो मागचा ब्रेक कमी करतो. दिसायला गाडी ठाकठीक, आणि थांबायला मात्र जास्त अंतर! म्हणून फुगे बसवताना हा व्हॉल्व्ह नव्याने जुळवावा लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ बांधणीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधने आहेत. त्यामागे असाच विचार आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रवासी बसगाड्यांत १९५३ पासून हवेच्या स्प्रिंगा आल्या. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रूममध्येही त्या होत्या. पण हवा गळण्याला कंटाळून अनेक मालकांनी त्या काढून पोलादी स्प्रिंगा बसवल्या. २०१३ च्या रॅम १५०० या मोठ्या पिकअपला कारखान्यातूनच चारही चाकांना हवेच्या स्प्रिंगा मिळू लागल्या. भारतात २००१ पासून आलेल्या व्होल्वो बसगाड्यांमुळे अनेक प्रवाशांना हवेवरचा प्रवास कसा असतो ते कळले.

तेव्हा निवड करणाऱ्याने दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. मागच्या ॲक्सलवर रिकामेपणी आणि भरल्यावर किती वजन येते? गाडी बहुतेक वेळा भरलेली असते की रिकामी? आणि पाटे काढले, तर ॲक्सलला कोण धरणार? गाडी रोज भरलेली आणि मर्यादेतच असेल, तर मदतनीस फुगे पुरेत. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर नसेल, तर पाटे काढू नयेत.

वर्गासाठी एक प्रश्न. वरच्या उदाहरणात फुग्यातील हवेच्या स्तंभाची उंची १५ ऐवजी ३० सेंटिमीटर केली, बाकी सारे तेच ठेवले, तर रिकाम्या गाडीचे हेलकावे किती होतील? ताठपणा निम्मा होतो एवढे लक्षात ठेवले, की उत्तर दोन ओळींत निघते. ते काढल्यावर मुलांना विचारा: मग सगळेच फुगे एवढे उंच का करत नाहीत? एखादा पिकअप खालून वाकून पाहिला, तर त्याचे उत्तर दिसेल.