लगोआच्या पाण्यावर चांदवडची वल्ही

२०१६ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा आम्हा नाशिककरांच्या लक्षात राहिला तो पुरामुळे. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं, हे एकमेकांना विचारायची आपली जुनी रीत. तो ओसरतोय तोवर, ६ तारखेच्या संध्याकाळी, टीव्हीवर वेगळंच पाणी दिसलं. ब्राझीलमधल्या रिओ शहराच्या मधोमध पसरलेलं ‘लगोआ’ सरोवर, मागे डोंगर, आणि एका अरुंद होडीत एकटा बसलेला आपला दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. तालुका दुष्काळी. दत्तूने वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेलं. पाणी लागेपर्यंत दगड फोडायचे, असा त्याचा पाण्याशी पहिला संबंध.

२०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याला वल्हं हातात आलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटे. चार वर्षांनी तोच मुलगा ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव नौकानयनपटू होता. एकेरीच्या होडीचं वजन जेमतेम १४ किलो, लांबी आठ मीटरच्या आसपास, आणि रुंदी एवढी कमी की दोन्ही वल्ही पाण्याला टेकलेली नसतील तर ती कलंडलीच म्हणून समजा. बैठक चाकांवर सरकते. जोर पायांतून येतो, पाठीतून जातो आणि सगळ्यात शेवटी हातांत उतरतो. खेळाडूची पाठ अंतिम रेषेकडे असते. दोन हजार मीटर असं न बघता जायचं. विहिरीच्या कामात कमावलेली पाठ तिथे उपयोगी पडली, असं मला मनापासून वाटतं.

पण आज सांगायचं आहे ते त्या पाण्याबद्दल. ब्राझील म्हटलं की आपल्याला पिवळी जर्सी आठवते, पेले आठवतो. पाच विश्वचषक जिंकलेला तो एकमेव देश. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओतली गर्दी लोटायची ती होड्यांच्या शर्यतींना. आज कोट्यवधी चाहते असलेला फ्लामेंगो हा क्लब १८९५ मध्ये जन्मला तो नौकानयनासाठी. त्याच्या पूर्ण नावात ‘रेगाता’, म्हणजे होड्यांची शर्यत, हा शब्द आजही आहे. फुटबॉल तिथे आला १९११ मध्ये, शेजारच्या फ्लुमिनेन्से क्लबातून रुसून निघालेल्या खेळाडूंबरोबर. फ्लामेंगोचं मुख्य ठाणं दत्तूने वल्हवलं त्याच लगोआच्या काठावर आहे.

दुसरा क्लब तर आपल्या इतिहासातूनच उचललेला वाटतो: वास्को द गामा. वास्कोच्या भारतापर्यंतच्या सफरीला चारशे वर्षं झाली, त्या निमित्ताने १८९८ मध्ये रिओतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी तो काढला. तोही होड्यांचाच. गोव्यात वास्को हे गाव आहे आणि तिथेही फुटबॉलचं वेड आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

होडी महाग. चेंडू स्वस्त, आणि तोही नसेल तर मोज्यात चिंध्या कोंबून होतो. चार्ल्स मिलर हा तरुण १८९४ मध्ये इंग्लंडहून साओ पाउलोला परतला तो सामानात फुटबॉल घेऊन. पहिली काही वर्षं खेळ बड्या घरच्या पोरांच्या हातात होता. मग तो नदीकाठच्या पूरमैदानांवर उतरला. पोर्तुगीजमध्ये अशा सखल जमिनीला ‘वार्झिआ’ म्हणतात, आणि हौशी मोहल्ला फुटबॉलला आजही ‘वार्झिआचा फुटबॉल’ असंच नाव आहे. नदीने सोडलेली जागा कोणाच्या मालकीची नसते. तिथे गिरणी कामगार खेळले, काळी-गोरी पोरं एकत्र खेळली. आपल्या गल्ली क्रिकेटसारखं तिकडे ‘पेलादा’ असतं: दोन दगड ठेवले की झाला गोल.

क्लबांची दारं मात्र सहज उघडली नाहीत. १९२३ मध्ये वास्कोने काळ्या, मिश्रवंशीय, कष्टकरी खेळाडूंना घेऊन रिओची स्पर्धा जिंकली. लगेच बड्या क्लबांनी नवी संघटना काढली आणि प्रवेशासाठी अट घातली की वास्कोने १२ खेळाडू काढून टाकावेत. ७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोच्या अध्यक्षांनी पत्राने नकार कळवला. ब्राझीलमध्ये त्या पत्राला ‘ऐतिहासिक उत्तर’ म्हणतात. ते पत्र माझ्या लेखी विश्वचषकाच्या तोडीचं आहे, कारण त्याच्याशिवाय पुढचे विश्वचषक कोणी जिंकले असते?

बायकांना याहून जास्त थांबावं लागलं. १९४१ पासून १९७९ पर्यंत ब्राझीलमध्ये स्त्रियांनी फुटबॉल खेळायला सरकारी बंदी होती. ईशान्येकडच्या एका गरीब, कोरड्या गावातून आलेल्या मार्ताने पुढे विश्वचषकांत १७ गोल केले. तेव्हा इतके कोणा पुरुषाच्याही नावावर नव्हते. गुलामांनी जपलेल्या कापोएइरा या खेळ-नाचावरही १८९० च्या कायद्याने बंदी होती. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेचा वारसा म्हटलं. फुटबॉलखालोखाल तिथे व्हॉलीबॉल. समुद्राच्या वाळूत जाळी बांधून, हात न लावता डोक्या-पायाने खेळायचा ‘फुतेव्होली’ त्यांनीच काढला. आपल्याकडेही गावोगाव शाळेच्या पटांगणात संध्याकाळी व्हॉलीबॉलची जाळी लागते, म्हणून हे वेड मला परकं वाटत नाही.

रिओत दत्तूसोबत नाशिकची एक मुलगीही होती. कविता राऊत, हरसूलकडच्या सावरपाड्याची. डोंगरात अनवाणी पळून तयार झालेल्या या पायांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. मिल्खा सिंग यांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव तिला लोकांनी दिलं. १४ ऑगस्टला तिची मॅरेथॉन सांबोड्रोममधून सुटली. कार्निव्हलच्या मिरवणुकांसाठी बांधलेला तो लांबलचक रस्ता. ती १२० वी आली, वेळ जवळपास तीन तास. क्रमांक वाचून हळहळणारे भेटतात. त्यांनी एकदा हरसूलचा घाट चढून पाहावा.

नऊ दिवस आधी, माराकाना मैदानात, ऑलिम्पिकची ज्योत पेटवली होती ती व्हान्देर्लेई द लिमाने. पोरवयात शेतमजुरी केलेला हा धावपटू. २००४ मध्ये अथेन्सच्या मॅरेथॉनमध्ये तो आघाडीवर असताना एका माणसाने रस्त्यात घुसून त्याला ढकललं. तो उठला, धावला, तिसरा आला, आणि अंतिम रेषेकडे हात पसरून हसत गेला. फुटबॉलवेड्या देशाने ज्योत अखेर एका धावपटूच्या हाती दिली, याचा मला आनंद वाटतो.

दत्तू तेव्हा एकेरीत तेरावा आला. त्या काळात त्याची आई अपघातानंतर अंथरुणाला खिळून होती. पोरगा कुठल्या देशात कसल्या पाण्यात आहे, हे समजण्याच्या अवस्थेत ती माउली नव्हती. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, इंडोनेशियातल्या पालेमबांगला आशियाई स्पर्धेतलं नौकानयन झालं. चौघांच्या होडीत दत्तू होता, सोबत सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग. चौघांची पाठ अंतिम रेषेकडे, तोंडं मागे पडत जाणाऱ्या होड्यांकडे. रेषा ओलांडली तेव्हा पुढे कोणीच नव्हतं. सुवर्ण.