सात डॉलर नाकारणारे शिपाई

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचे बंदराचे गाव आहे. तेथे १८६९ पासून तीस वर्षांहून अधिक काळ एक काळा पोस्टमन टपाल वाटीत असे. अंगावर जुन्या लढाईच्या जखमा आणि खांद्यावर पत्रांची पिशवी. त्यांचे नाव विल्यम हार्वे कार्नी. घरातल्या मुलांना जवळ बसवून ही हकिकत वाचून दाखवावी, अशी आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे.

कार्नी यांचा जन्म १८४० साली व्हर्जिनिया राज्यात, नॉरफोक येथे गुलामीत झाला. तेथे गुलामांच्या मुलांना अक्षरओळख देणे गुन्हा होता. कार्नी लपूनछपून वाचायला शिकले. पुढे त्यांचे कुटुंब गुलामीतून सुटून उत्तरेत न्यू बेडफर्डला आले. धर्मोपदेशक व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण १८६१ साली यादवी युद्ध पेटले. गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये देशातून फुटून निघाली. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले आणि काळ्यांना सैन्यात घेण्याची वाट मोकळी केली. १ जानेवारी म्हटले की आपल्याला भीमा कोरेगाव आठवते. या तारखेचा हा केवळ योगायोग, पण लक्षात ठेवावा असा.

मॅसॅच्युसेट्सने काळ्या सैनिकांची ५४ वी पलटण उभी केली. शिपाई सारे काळे, अधिकारी गोरे. गुलामीतून निसटून आलेले थोर नेते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी गावोगाव सभा घेतल्या आणि स्वतःची दोन मुले त्या पलटणीत धाडली. कार्नीही दाखल झाले. या शिपायांना मरणापेक्षा मोठी भीती पुढे होती. काळा शिपाई हाती लागला तर त्याला युद्धकैदी मानायचे नाही, गुलामीत विकायचे किंवा ठार करायचे, असे दक्षिणेच्या सरकारचे धोरण होते. हे ठाऊक असूनही ते गेले.

१८ जुलै १८६३ ची संध्याकाळ. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी वॅगनर नावाचा वाळूचा किल्ला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवरून चाल करायची. सर्वांत पुढे ५४ वी पलटण. सुमारे सहाशे जण गेले, त्यांपैकी २७२ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पंचवीस वर्षांचे कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच पडले. झेंडा धरणारा कोसळताना पाहून कार्नी यांनी तो उचलला व तटापर्यंत नेला. माघार सुरू झाली तेव्हा अंगात गोळ्या शिरलेल्या असतानाही ते तो घेऊन परत निघाले. वाटेत दुसऱ्या पलटणीचा एक सैनिक म्हणाला, झेंडा माझ्याकडे द्या. कार्नी यांनी साफ नकार दिला. ५४ व्या पलटणीच्या माणसाखेरीज कोणाच्या हाती ते झेंडा द्यायला तयार नव्हते. आपल्या लोकांत पोचल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की, आपण फक्त आपले कर्तव्य केले, झेंडा जमिनीला लागू दिला नाही.

शत्रूने कर्नल शॉ यांना त्यांच्या काळ्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरले. हेतू अपमानाचा होता. पण शॉ यांच्या वडिलांनी मुलाचा देह हलवू नये असे कळवले. मुलगा आपल्या माणसांत आहे, तेथेच राहू दे, असे त्यांचे म्हणणे.

शौर्याची ही गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे. पण आमचे निम्मे आयुष्य पगारपत्रके भरण्यात गेले, त्यामुळे आमचे लक्ष वारंवार दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, कपड्यांचा भत्ता वेगळा. काळ्याला १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापून घेणार. हातात उरले ७. काळा सार्जंट झाला तरी तेच ७. गोळी मात्र दोघांना सारखीच लागत होती!

५४ व्या पलटणीने हा पगार घेतलाच नाही. थोडाथोडका नाही, दीड वर्ष. मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणाले, फरकाचे पैसे आम्ही आमच्या तिजोरीतून देतो. शिपायांनी तेही नाकारले. प्रश्न सहा डॉलरांचा नव्हताच, केंद्र सरकार आम्हाला सैनिक मानते की नाही हा होता. इकडे घरी बायकामुलांचे हाल होत होते. संपात दोन महिने पगार थांबला तरी घरात काय होते ते गिरणगावातल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कार्नी यांच्याच कंपनीतले, न्यू बेडफर्डचेच कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग यांनी सप्टेंबर १८६३ मध्ये खुद्द लिंकन यांना पत्र लिहून विचारले की, आम्ही सैनिक आहोत की मजूर? दुसऱ्या एका काळ्या पलटणीतले सार्जंट विल्यम वॉकर यांनी याच कारणावरून आपल्या माणसांना शस्त्रे खाली ठेवायला लावली. त्यांना बंडखोर ठरवून फेब्रुवारी १८६४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

शेवटी जून १८६४ मध्ये कायदा झाला, पण त्यात मेख होती. १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच सुरुवातीपासूनचा समान पगार मिळणार होता. पलटणीत गुलामीतून पळून आलेले शिपाई होते, त्यांचे काय? तेव्हाचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी शपथेचा मजकूर असा बेतला की, त्या तारखेला मी कोणाचेही फुकट श्रमाचे देणे लागत नव्हतो. ही शपथ पळून आलेला गुलामही खऱ्या मनाने घेऊ शकत होता, कारण माणूस कोणाच्या मालकीचा असतो हेच त्याला मान्य नव्हते. आम्ही कचेरीत अर्जांचे अनेक नमुने पाहिले, पण एका वाक्यात इतका न्याय भरलेला नमुना दुसरा पाहिला नाही. त्या शरदात थकबाकी हाती आली. गुडिंग यांना ती मिळाली नाही. ते शत्रूच्या कैदेत, अँडरसनव्हिलच्या छावणीत, जुलैमध्येच वारले होते.

युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे उत्तरेच्या सैन्यातून लढले. त्यांपैकी सुमारे ४० हजार मेले, बहुतेक रोगराईने. वाचलेल्यांपुढे पेन्शनची लढाई उभी राहिली. जन्मतारीख काय, लग्नाचा दाखला कुठे, असे कचेरी विचारी. गुलामाच्या लग्नाची नोंद कोण ठेवणार? मालक बदलला की पुष्कळदा आडनावही बदलत असे. विधवा साक्षीदारांना घेऊन खेटे घालीत. आपल्याकडे महारांची लष्करभरती बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकर आणि पेन्शनर सैनिकांनी अर्ज केले होते, त्यांची येथे आठवण होते. जोतीराव फुले यांनी मात्र गुलामगिरी मोडल्याची ही बातमी किती मोठी आहे ते तेव्हाच ओळखले होते. १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला.

कार्नी जखमांमुळे १८६४ साली सैन्यातून सुटले. लग्न केले, संसार केला, टपाल वाटले. इकडे दक्षिणेत काळ्यांचा नुकताच मिळालेला मताधिकार एकेक करून काढून घेतला जात होता. वॅगनरच्या पराक्रमाबद्दल देशाचे सर्वोच्च लष्करी पदक त्यांना १९०० साली मिळाले, ३७ वर्षांनी. पुढे ते बॉस्टनच्या राज्य सरकारी इमारतीत निरोप्याचे काम करू लागले. तेथील लिफ्टमध्ये त्यांचा पाय चिरडला गेला आणि १९०८ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला. त्यांच्यासाठी इमारतीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवण्यात आला.

याच इमारतीसमोर ५४ व्या पलटणीचे कांस्यशिल्प आहे. घोड्यावर कर्नल शॉ आणि सोबत चालणारे काळे शिपाई. ३१ मे १८९७ रोजी त्याचे अनावरण झाले तेव्हा म्हातारे कार्नी झेंडा घेऊन हजर होते. पण दगडावर नावे कोरली ती फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची. कोरेगावच्या स्तंभावर आपण दरवर्षी आपल्या शूरांची नावे बोट ठेवून वाचतो. बॉस्टनला वॅगनरवर पडलेल्या काळ्या शिपायांची नावे शिल्पाच्या मागच्या बाजूला कोरली गेली ती १९८० नंतर, अनावरणाला ८० हून अधिक वर्षे उलटल्यावर. त्या यादीत कार्नी यांचे नाव नाही. ते त्या रात्री वाचले होते.