हेलिकॉप्टरही कामाचीच जागा

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रावर कामगार पोहोचतो तो जुहूहून उडणाऱ्या हेलिकॉप्टरने. ऑगस्ट २००३ मध्ये असेच एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून वीसहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात पवनहंस कंपनीचे हेलिकॉप्टर पडले. ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, कोणीच वाचले नाही. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगच्या अगदी जवळ पोहोचून हेलिकॉप्टर पाण्यात पडले आणि आणखी चौघे गेले. आपण याला विमान अपघात म्हणतो आणि विषय हवाई खात्याकडे सोपवून मोकळे होतो. माझ्या मते हे कामावर झालेले मृत्यू आहेत आणि ते टाळण्याची जबाबदारी कामावर नेणाऱ्याची आहे.

तेलविहिरीवरचा मृत्यू म्हटला की स्फोट आणि आग डोळ्यांपुढे येते. अमेरिकेची आकडेवारी वेगळेच सांगते. २००३ ते २०१० या काळात तिथल्या सागरी तेल-वायू उद्योगात १२८ कामगार दगावले. त्यांतले ४९ हवाई प्रवासात, मुख्यतः हेलिकॉप्टरमध्ये गेले. जगभर गाजलेल्या ‘डीपवॉटर होरायझन’च्या स्फोटातले बळी ११ होते.

यावर कोणी म्हणेल, आकाशातून पडल्यावर वाचतो कोण? पण २०२२ मध्ये नऊपैकी पाच जण वाचले. ऑगस्ट २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सम्बरोजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडले, तेव्हा अठरापैकी चौदा वाचले. हेलिकॉप्टरचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पंख्याचा सारा भार डोक्यावर असतो, म्हणून पाण्यात ते चटकन उलटते. आतला माणूस अंधारात, डोके खाली अशा अवस्थेत, गार पाण्यात पट्टा सोडवत असतो. खिडकी हाताशी आहे की मध्ये दुसरा प्रवासी आहे, यावर जीव ठरतो. सम्बरोनंतर, २०१४ मध्ये ब्रिटनच्या हवाई नियामकाने आपत्कालीन खिडकीलगतच्या जागेवरच प्रवासी बसवण्याचा नियम केला. पाण्याखाली श्वास पुरवणारे अद्ययावत उपकरण असेल तरच इतर जागा भरायच्या. समुद्र फार खवळलेला असेल तर उड्डाणच नाही. पुढे तर रुंद खांद्यांच्या माणसाला मोठ्या खिडकीजवळ बसवणेही बंधनकारक झाले. यातली एकही गोष्ट वैमानिकाच्या कौशल्याची नाही. एका फेरीत किती माणसे न्यायची आणि कोणत्या हवामानात न्यायची, हे निर्णय जमिनीवर होतात, आणि त्यांना पैसे लागतात.

यंत्रच तुटले तर कंपनी काय करणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉयजवळ गिअरबॉक्समधले दातेरी चाक तडकून फुटले, पंखा हवेतच सुटला आणि तेराही जण गेले. तिथे खिडकी आणि श्वासयंत्र व्यर्थ होते. पण २००९ मध्ये स्कॉटलंडजवळ त्याच कुळातल्या हेलिकॉप्टरचा पंखा अशाच बिघाडाने सुटून सोळा जण गेले होते. तुरॉयनंतर या जातीच्या हेलिकॉप्टरवर घातलेली बंदी २०१७ मध्ये उठली, तरी त्यात पुन्हा बसायला उत्तर समुद्रातल्या कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी ठाम विरोध केला. तेलकंपन्यांना ऐकावे लागले. कोणते यंत्र भाड्याने घ्यायचे, हाही मालकाचाच निर्णय असतो.

बोटीने जा, असे म्हणणे सोपे आहे. पण पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात बोटीवरून रिगवर चढणेही जीवघेणे असते. हेलिकॉप्टर लागणारच. आपल्याकडे उड्डाण डीजीसीए या हवाई नियामकाच्या अखत्यारीत आणि प्लॅटफॉर्मची सुरक्षा ओआयएसडी या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या. मधला तासभर मात्र कामगार नुसता प्रवासी ठरतो. गोव्यात बेतुल येथे २०२४ मध्ये ओएनजीसीचे सागरी बचाव प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, हे चांगलेच झाले. पण प्रशिक्षित माणसालाही बाहेर पडायला खिडकी लागते. म्हणून प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल कामगारांच्या हाती मराठी-हिंदीत द्यावा, आसनांचे आणि समुद्रस्थितीचे नियम तेलकंपनीच्या कंत्राटातच लिहावेत, आणि धोका दिसल्यास पगार न कापता चढायला नकार देण्याचा हक्क कामगाराला द्यावा.