यंत्र एकाचे, डिझेल दुसऱ्याचे

स्वयंसेवी संस्था आणि गावातले गट एकत्र येतात, तेव्हा कोणी काय करायचे हे आधी ठरलेले बरे. २०१६ साली सुरू झालेली गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके त्यात होते. २०१८ पर्यंत ते ७५ झाले.

आयोजक पानी फाउंडेशनचा भर प्रशिक्षणावर होता. पाणलोटाचे तांत्रिक ज्ञान 'वॉटर' या नगर जिल्ह्यात वाढलेल्या संस्थेकडून आले. प्रशिक्षणाला आलेले गावकरी हायड्रोमार्कर वापरायला शिकत. दोन मोजपट्ट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच खुणेला स्थिरावले की त्या दोन जागा समपातळीत. तिथे फक्की टाकायची आणि त्या रेषेवर चर खणायचा. इंजिनिअरची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

माणसे जमवणे मात्र बाहेरच्या संस्थेला जमत नाही. ते काम बचत गट, भजनी मंडळ, तरुण मंडळ यांचेच. घरोघरी फिरून 'उद्या फावडं घेऊन या' म्हणणारी बाई ओळखीची असावी लागते.

मोठ्या खोदाईसाठी भारतीय जैन संघटनेने पोकलेन आणि जेसीबी दिले, पण डिझेलची सोय गावाने करायची. ही अट फार शहाणपणाची. वर्गणी दिलेला माणूस यंत्र नेमके कोणाच्या शेताकडे वळते आहे, हे बघायला हमखास येतो. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून 'जलमित्र' म्हणजे स्वयंसेवक येत. त्यांच्या हातून माती थोडीच हलली असेल, गावाला हुरूप मात्र आला.

या व्यवस्थेतही उणिवा होत्याच. डोंगरमाथ्यावरची पाणी अडवण्याची कामे अर्धवट सोडून यंत्राने नाले खोल करण्याचा मोह अनेक ठिकाणी झाला, अशी टीका जलतज्ज्ञांनी केली. त्याहून मोठी अडचण पुढची. खणण्याची वाटणी नीट झाली, पण साठलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला घ्यायचे, हे ४५ दिवसांच्या स्पर्धेत ठरणे कठीणच होते. पाणी दिसले की ऊस लावायचा मोह होतो आणि तिथे ना फाउंडेशन पुरे पडते, ना यंत्र देणारी संघटना. तो निर्णय फक्त ग्रामसभाच घेऊ शकते. हिवरे बाजार या गावाने तो या स्पर्धेच्या कितीतरी आधी घेतला होता: शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही.