पाठीतलं पाणी, नसेतलं रक्त

कोयनानगरात 'लेक टॅपिंग' म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाखाली बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडवला आणि जलाशय रिकामा न करता पाणी घेतलं. २०१२मध्ये पुन्हा तेच. मेंदूचे डॉक्टर हाच उद्योग माणसाच्या कमरेत करतात, अर्थात सुरुंगाविना. दोन मणक्यांच्या मधे सुई घालून थोडं पाणी काढायचं. जर्मनीच्या क्विंके यांनी १८९१मध्ये ही रीत पाडली.

हे पाणी मेंदूला वेढून असतं, त्यामुळे आतली खबर त्याला असते. अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा ४२ हे प्रथिन मेंदूतच साचून बसतं, म्हणून पाण्यात ते कमी सापडतं. टाऊ हे दुसरं प्रथिन मात्र वाढतं. एक आकडा घसरतो, दुसरा चढतो, आणि बातमी एकच! रिपोर्ट वाचणाऱ्या मुलाचा गोंधळ उडाला तर नवल नाही.

पण पाठीत सुई म्हटलं की घरचे माघार घेतात.

रक्त द्यायला कुणी कुरकुरत नाही. अडचण वेगळीच होती. मेंदूतली ही प्रथिनं रक्तात येतात ती पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. ती मोजू शकणारी यंत्रं गेल्या काही वर्षांतली. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फुजिरेबिओ कंपनीच्या 'ल्युमिपल्स' रक्तचाचणीला मंजुरी दिली, तीही लक्षणं दिसू लागलेल्या, पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांपुरती. पी-टाऊ २१७ हे टाऊचंच एक रूप आणि अमायलॉइड यांचं गुणोत्तर ती काढते. ४९९ जणांच्या नमुन्यांत, मेंदूत अमायलॉइड साचलेलं 'आहे' म्हटलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के आणि 'नाही' म्हटलेल्यांपैकी ९७ टक्के निदानं पडताळणीत खरी ठरली. मात्र वीस टक्क्यांच्या आत का होईना, काहींना उत्तरच मिळालं नाही. शिवाय मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाऊ उगाच वाढलेलं दिसतं.

आपल्याकडे 'लासी-डॅड' या पाहणीने साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के काढलं, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. याच पाहणीत रक्ताचे नमुनेही घेतले गेले. तरी पाटण तालुक्यातल्या विसरभोळ्या आजोबांची पहिली चाचणी ही नव्हेच. आधी बी-१२, थायरॉइड, साखर. त्यांतलं काही बिघडलेलं असेल तर त्यावर औषध आहे.

घरच्यांची समजूत पटवणं त्याहून अवघड. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आजोबा भिंतीच्या भेगांसकट सांगतात, मग त्यांची आठवण गेली असं कोण म्हणेल? डॉक्टर सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, आज सकाळी चहा कुणी दिला?