पुस्तकामागचं माणूस

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही वाचनालयात संध्याकाळी अर्धा तास उभं राहून पाहा. सभासदांच्या नोंदवहीत बायकांची नावं भरपूर दिसतील. पण पुस्तक बदलायला आलेले असतात ते त्यांचे यजमान, नाहीतर सायकल बाहेर टेकवून घाईघाईनं आत शिरलेला मुलगा. ‘आईसाठी एखादी कादंबरी द्या, जाड असली तरी चालेल,’ एवढीच काय ती मागणी. ग्रंथपालही हाताला येईल ती देतात. आणि मग ‘बायकांना काय, कादंबऱ्याच लागतात’ असा शेरा मारायला सगळे मोकळे!

मैत्रिणींनो, घरात भाजी कोणती करायची, कुणाला आहेर काय द्यायचा, हे आपण ठरवतो. मग दुपारच्या आपल्या हक्काच्या तासाभरात हातात कोणतं पुस्तक असावं, हे दुसऱ्या कुणी का ठरवावं?

बचत गटांच्या कामासाठी माझं आजूबाजूच्या गावांत फिरणं असतं. हप्ते, व्याज, वह्यांवरच्या सह्या आटोपल्या की चहाबरोबर इकडच्या तिकडच्या गप्पा निघतात. त्या गप्पांतूनच आमचं छोटंसं वाचक मंडळ जमलं. बारा-पंधरा जणी, महिन्यातून एक दुपार. नियम दोनच. पुस्तक आपलं आपण वाचनालयात जाऊन निवडायचं आणि पुस्तकाबरोबर ते लिहिणाऱ्या माणसाविषयीही चार गोष्टी सांगायच्या.

हा दुसरा नियम फार उपयोगी पडला. ‘कविता? नको गं, डोक्यावरून जाते.’ ‘विज्ञानकथा पोरांनी वाचाव्यात.’ ‘वैचारिक म्हणजे झोपेची गोळी!’ अशी प्रत्येकीनं आपल्याभोवती कुंपणं घालून घेतलेली असतात. पण लग्नघरात अनोळखी घोळक्यात एक ओळखीचा चेहरा दिसला की आपण कशा धिटाईनं आत शिरतो? तसंच पुस्तकांचं असतं. लिहिणारं माणूस ओळखीचं झालं की साहित्यप्रकाराचं दडपण उरत नाही.

आमची सुरुवात झाली स्वयंपाकघरातून. एक वहिनी चक्क ‘रुचिरा’ घेऊन आल्या. ‘हे काय वाचायचं पुस्तक झालं?’ म्हणून हशा पिकला. पण वहिनींनी कमलाबाई ओगल्यांविषयी सांगायला सुरुवात केली आणि सगळ्या गप्प झाल्या. बाईंचं शालेय शिक्षण अवघं चौथीपर्यंत. १९७० मध्ये त्यांचं हे पुस्तक आलं आणि घराघरात पोचलं, ते वाटी-चमच्याच्या मापामुळे. ‘अंदाजानं घाल’ हे उत्तर नव्या सुनेला किती रडवतं, ते आपल्याला माहीत आहे. पिढ्यान् पिढ्या हाताच्या अंदाजात बंद असलेलं ज्ञान कमलाबाईंनी मापात आणलं आणि कुणाही शिकाऊ मुलीच्या हातात दिलं. याला शास्त्र नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

त्याच दुपारी दुसरी म्हणाली, ‘अगं, स्वयंपाकावर तर दुर्गा भागवतांनीही लिहिलंय, ‘खमंग’ नावाचं.’ आणि या धाग्यानं आम्ही ‘ऋतुचक्र’पर्यंत जाऊन पोचलो. एरवी ‘ललित निबंध’ असं नाव ऐकून कुणी त्या कपाटाकडे फिरकलं नसतं. दुर्गाबाईंचा (१९१०-२००२) अभ्यास लोकसाहित्याचा. आदिवासींच्या अभ्यासासाठी मध्य प्रदेशात हिंडताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या. १९५६ साली आलेल्या ‘ऋतुचक्र’मध्ये एकेका महिन्याची झाडं, फुलं, पाखरं, आकाश त्यांनी अशा बारकाईनं टिपलंय की आपल्याच अंगणाकडे नव्यानं पाहावंसं वाटतं. हीच बाई १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली, आणीबाणीविरुद्ध उघड बोलली आणि तुरुंगातही गेली. फुलांवर लिहिणारी माणसं नाजूक असतात, असं कुणी म्हटलं की आम्ही आता दुर्गाबाईंचं नाव सांगतो.

कवितेची धास्ती घालवली ती बहिणाबाई चौधरींनी. जळगावजवळच्या असोद्याची ही शेतकरीण (१८८०-१९५१). अक्षर ओळख नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढं सुचेल ते ओठांवर यायचं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. घरच्यांनी ती गाणी उतरवून ठेवली होती. आईच्या मागे ती त्यांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक बहिणाबाईंनी पाहिलंच नाही. हे ऐकल्यावर आमच्यातली एक शेतकरी मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझी सासूही दळताना काहीबाही म्हणायची. कुणी उतरवून घेतलं नाही.’ तिनं पुढच्या महिन्यात कवितांचंच पुस्तक आणलं, न सांगता.

आत्मचरित्र म्हणजे थोरामोठ्यांचं, असाही एक समज असतो. त्यावर उतारा ‘स्मृतिचित्रे’चा. लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न झालं ते वयाच्या अकराव्या वर्षी. शाळा नाही, लिहिणं-वाचणं आलं ते लग्नानंतर. माहेरी सोवळ्याओवळ्याचा कडेलोट. पती कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा हादरलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि विचार करून, स्वतःच्या मनानं त्यांनीही तो धर्म पत्करला. आपल्या मनातला विटाळ कसा एकेक पायरीनं गळून पडला, हे त्यांनी जराही आडपडदा न ठेवता लिहिलंय. आणि सांगणं किती खेळकर! पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. राहिलेलं लेखन मुलानं, देवदत्त टिळकांनी पुरं केलं. आमच्या एका काकूंनी तर हे पुस्तक स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवरच ठेवलं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन पानं होतात, हा त्यांचा हिशेब!

काही लेखकांनी मात्र आपलं नाव मुद्दामच लपवलं. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण? की पुरुषच आहे? तर्कवितर्क चालले. ते नाव होतं बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर यांचं. ज्या काळात असं लिहिणाऱ्या बाईला गावात राहणं अवघड झालं असतं, त्या काळात टोपणनाव ही तिची ढाल होती. पुढे इंग्रज सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली आणि तिथलं जगणं ‘बळी’ या कादंबरीत मांडलं (१९५०). शिरूरकरांच्या कथा वाचल्यावर आमच्यातली एक पदवीधर मुलगी म्हणाली, ‘नव्वद वर्षं झाली, पण मुलगी बघायला येणाऱ्यांचे प्रश्न तेच आहेत की!’

टोपणनावाचीच दुसरी गोष्ट मात्र गमतीची आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खुद्द जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. परीक्षकांनी मोठ्या नावाकडे पाहून गुण देऊ नयेत, एवढाच हेतू. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली ती पत्नी मंगलाताईंनी. मंगलाताई स्वतः गणिताच्या अभ्यासक. मुलांसाठी त्यांनी ‘गणितगप्पा’ लिहिल्या. २०२३ मध्ये मंगलाताई आणि २०२५ मध्ये नारळीकर सर गेले, तेव्हा आमच्या मंडळातल्या बायकांना आपल्या ओळखीचं कुणी गेल्यासारखं वाटलं. ज्या बाईनं ‘विज्ञानकथा पोरांनी वाचाव्यात’ म्हटलं होतं, तिनं ‘यक्षांची देणगी’ नातवाच्या आधी संपवलं.

अनुवादित पुस्तकांवर मूळ लेखकाचं नाव आपण वाचतो आणि अनुवादकाचं सोडून देतो. उमा कुलकर्णींमुळे आमची ही सवय सुटली. एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या आपल्या घरात आल्या त्या उमाताईंच्या मराठीतून. त्यांच्या कामाची पद्धत मोठी सुंदर आहे. पती विरूपाक्ष यांनी कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचायचं, उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचं. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे ऐकून मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेल्या आमच्या एका आजींनी सुनेला विचारलं, ‘मला वाचून दाखवशील का?’ आता रोज रात्री भांडी झाल्यावर त्या घरात भैरप्पा वाचले जातात. सून म्हणते, आमची भांडणं कमी झाली, कारण पुढं काय होतं ते दोघींनाही ऐकायचं असतं.

सगळंच असं गोड घडलं नाही. एका महिन्यात बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ होतं. एकीनं ते अर्ध्यातच परत आणलं. ‘असलं कशाला वाचायचं? जुनं उकरून काय मिळतं?’ म्हणाली. खोलीत एकदम शांतता झाली. मग शिवणकाम करणारी आमची एक मैत्रीण, जी एरवी बैठकीत फारशी बोलत नाही, ती म्हणाली, ‘ताई, यातलं निम्मं माझ्या आजीनं सोसलंय. जुनं तुमच्यासाठी असेल.’

त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी बेबीताईंविषयी वाचलेलं सांगितलं. त्या फलटणच्या. छोटंसं किराणा दुकान चालवायच्या आणि पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या. आपल्या समाजाच्या, विशेषतः महार बायकांच्या वाट्याला आलेली उपासमार, राबणं, मारहाण त्यांनी लिहून काढली आणि ते लेखन घरच्यांपासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं. बाहेरच्या अन्यायाबद्दल लिहिलंच, पण आपल्याच घरातल्या पुरुषांचा जाचही त्यांनी झाकला नाही. ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

पुस्तक परत करणारी मैत्रीण पुढच्या महिन्यात आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आली, कोपऱ्यात बसली आणि निघताना म्हणाली, ‘ते पुस्तक पुन्हा मिळेल का? राहिलेलं वाचायचंय.’ आणि शिवणवाल्या मैत्रिणीनं ब्लाउजच्या मापांची वही उलट्या बाजूनं लिहायला घेतलीय. काय लिहितेस, असं आम्ही विचारत नाही. दाखवावंसं वाटेल तेव्हा ती दाखवेल.

पुस्तकामागचं माणूस ओळखायचं ते यासाठी. या बायकांची नावं नुसती ऐकली तर त्या फार उंचावर वाटतात. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, यांच्याही घरी चूल होती, आजारपण होतं, लोक काय म्हणतील ही भीती होती. कुणाला अक्षर येत नव्हतं, कुणाला नाव लपवावं लागलं, कुणाला वही. तरी त्यांनी आपलं म्हणणं आपल्यापर्यंत पोचवलं. आता ते घ्यायला चार पावलं चालत जाण्याचं काम तेवढं आपलं आहे.

अवघड काही नाही. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि लहान लहान गावांतही शासनमान्य वाचनालयं आहेत. वर्गणीही आपल्याला झेपण्याजोगी असते. सभासदत्व आपल्या नावावर घ्या आणि पुस्तक बदलायला स्वतः जा. कपाटं उघडून पाहू द्या म्हणून ग्रंथपालांना सांगा. मागितलं तर बहुतेक जण आनंदानं दाखवतात. पुस्तक घेण्याआधी मलपृष्ठावरचा परिचय आणि लेखकाचं मनोगत तिथंच उभ्या उभ्या वाचा. दोन पुस्तकं आवडीच्या प्रकारातली आणली, की तिसरं कधी न वाचलेल्या प्रकारातलं आणा. पन्नास पानं वाचूनही मन लागलं नाही तर खुशाल परत करा. पुस्तक रागावत नाही.

आणि घरी कुणी विचारलंच, ‘आज काय आणलंस?’ तर नुसतं ‘कादंबरी’ म्हणू नका. लेखकाचं नाव सांगा.